सर्व्हरवाले भोये

भोयेंबद्दल चांगलं लिहायला बसले की हात अडतो, वाईट लिहायला बसले तरी अडतो. पत्रक असतं तर चहा निवायच्या आत झालं असतं. पत्रकात माणूस एक तर आपला असतो, नाही तर त्यांचा. भोये कोणाचे होते ते मला अजून सांगता येत नाही, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

जव्हारला एका संस्थेची कचेरी होती. मुख्य कार्यालय ठाण्याला, काम आमच्या डोंगरात, विषय कुपोषण. पोरं इथली, अहवाल तिथला. मी त्या कचेरीत दोन वर्षं अहवाल टाइप केले. दिवसा 'बालकांच्या प्रकृतीत समाधानकारक सुधारणा' आणि संध्याकाळी आमच्या आदिवासी संघटनेच्या पत्रकात 'आणखी किती पोरं पुरायची?' दोन्ही याच बोटांनी.

कचेरीच्या मागे जुनी न्हाणी होती. तिच्या मोरीवर फळी टाकून भोयेंनी सर्व्हर बसवला होता. रघुनाथ भोये, साखरशेतचे. वडील भात-नाचणीचे शेतकरी, थोरला भाऊ मास्तर, हे नाशिकला डिप्लोमा करून परत आलेले. बारीक अंगाचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा कायम लावलेलं. बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझी टिकली वाकडी आहे.

पावसाळ्यात जव्हारच्या भिंतींना घाम फुटतो. यंत्राला ओल लागू नये म्हणून भोये भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या सर्व्हरच्या मागे टांगायचे. दर सोमवारी नव्या. जुन्या घरी न्यायचे. मी एकदा तापले. "भोये, तिकडे लोक रानातले कडूकंद उकडून खातात आणि तुम्ही तांदूळ यंत्राला घालता?"

"यंत्र खात नाय ताई. नुसता वास घेतं. मंग मी खातो."

त्यांची बायको म्हणायची म्हणे, सर्व्हरचा उष्टा भात आमच्या नशिबी. हे त्यांनीच सांगितलं, न हसता.

त्या सर्व्हरवर होतं काय, तर माणसं. संस्थेतल्या प्रत्येकाचं नाव, तो कुठल्या केंद्रातला, कुठल्या गटातला, त्याला कोणती फाइल उघडेल आणि कोणती नाही, हे सगळं त्या एका जागी. कुठल्याही संगणकावर कोणी बसलं की तो संगणक आधी न्हाणीतल्या सर्व्हरला विचारणार, ह्याला आत घेऊ का? याला डिरेक्टरी म्हणतात. भोये शिकवताना म्हणायचे, "सर्व्हर दोनच प्रश्न विचारतो. तू कोण? आणि तू तूच कशावरून? पहिल्याला नाव सांगायचं, दुसऱ्याला पासवर्ड."

मी म्हटलं, "म्हणजे सरकारी कचेरीच की."

"तिथं तिसरा प्रश्न असतो. कोणाला घेऊन आलास?" भोये म्हणाले. "हा ते विचारत नाय. म्हणून मला आवडतो."

हे त्यांचं एकमेव राजकीय विधान. बाकी मी संघटनेबद्दल काही बोलू लागले की ते पंख्याकडे बघायचे आणि मला 'पत्रकताई' म्हणायचे.

मोखाड्याच्या केंद्रात एक संगणक होता, फोनच्या तारेनं जव्हारला जोडलेला. पाड्यापाड्यावर मुलांची वजनं घेणाऱ्या बाया आठवड्यातून एकदा तिथे येऊन आकडे भरायच्या. संस्थेनं त्यांना मीठमिरचीपुरतं मानधन दिलं आणि वर संगणक दिला. आधी काय द्यावं हे कळत नाही अशांनाच देणग्या मिळतात. असो. भोयेंनी प्रत्येक बाईचं वेगळं नाव सर्व्हरवर घातलं, वेगळा पासवर्ड लावायला शिकवलं आणि समाधानानं परत आले. पुढे एकदा आकडे बघताना त्यांना दिसलं की सगळ्या पाड्यांची वजनं एकाच बाईच्या नावानं भरलेली आहेत, आणि ती बाई तर बाळंतीण होऊन घरी पडलेली. दुसऱ्या दिवशी मोखाड्याची पहिली एसटी धरली. मी अहवालासाठी बरोबर होते.

बाया ओळीनं बसल्या होत्या. पुढे मथीबाई. पोशेऱ्याच्या एका पाड्यावरची कातकरी बाई. घराखालची जमीनही दुसऱ्याची, कपाळावर गोंदण, आवाज असा की समोरच्या डोंगरावरचं जनावर वळावं.

"सगळ्या एकाच नावानं का शिरता?" भोयेंनी विचारलं.

"एकीनं दार उघडलं भाऊ," मथीबाई म्हणाली, "तं बाकीच्यांनी परत कडी लावून परत उघडायचं का? आमच्यात कोण करतं असं?"

बाया खिदळल्या. एकीनं तर पदर तोंडात घातला. भोये मथीबाईच्या कपाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे दार नाय बाई. हे तोंड हाय. तुझं तोंड लावून दुसरी बोलली तर चालंल तुला?"

"माझे नवऱ्याला चालंल," मथीबाई म्हणाली. "त्याला माझं तोंड नकोच हाय."

पण तिला ते पटलं असावं. त्या दिवसापासून ती स्वतःच्याच नावानं आत जायची, एकेक बोट उचलून, दगडावर मीठ फोडल्यासारखी. दुसरीनं तिच्या जागेवर बसून भरू पाहिलं तर हात झटकायची. "ऊठ. हे माझं तोंड."

कोणी पासवर्ड टाकायला लागलं की भोये भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. भिंतीवर काही असो नसो. साहेब असो, बाई असो, शिपाई असो. आम्ही मागून त्यांची नक्कल करायचो.

एकदा ठाण्याहून संस्थेचे कार्यवाह आले. दौऱ्यावर देणगीदार बरोबर, त्यांना पडद्यावर पाडे दाखवायचे होते. कार्यवाह पासवर्ड विसरले. म्हणाले, "भोये, तुमच्या नावानं उघडा की. तुम्हाला तर सगळंच उघडतं."

"साहेब, मी नवीन पासवर्ड लावून देतो. तुम्ही तुमच्या नावानं या."

"अहो, पाच मिनिटांचं काम आहे."

"हो साहेब, पाचच मिनिटं लागतील."

वीस लागली, कारण मधेच यूपीएस बोंबलला. देणगीदार न्हाणीच्या दारात रुमालानं मान पुसत उभे. शेवटी कार्यवाहांनी नवीन पासवर्ड टाकला, भोये भिंतीकडे तोंड करून. जाताना कार्यवाह मला म्हणाले, "तुमचा हा भोये हरिश्चंद्र आहे की गाढव?" मी तेव्हा मनात भोयेंच्या बाजूनं होते. आता तोच प्रश्न मी स्वतःला विचारते, आणि कार्यवाहांशी माझं या एका बाबतीत जमतं याचा मला राग येतो.

नंतर ठाण्यालाही एक सर्व्हर बसला. तोही भोयेंनीच बसवला. जव्हारचा आणि ठाण्याचा, दोन्ही जुळे. इथे नाव घातलं की रात्रीतून तिथे उमटायचं, तिथलं इथे. मथीबाई मोखाड्यात बसो की ठाण्यात, तिचं नाव दोन्हीकडे ओळखीचं.

मग हिवाळ्यात ठाण्याहून फर्मान आलं. नावांची साफसफाई करा. सॉफ्टवेअरवाल्यांना माणशी पैसे द्यावे लागतात, वापरात नसलेली नावं कशाला पोसायची? तीन महिन्यांत जो एकदाही आत आला नाही त्याचं नाव पुसायचं. आणि जे नाव सर्व्हरवर नाही, ते संस्थेत नाही.

दिवाळी झाली की आमचे अर्धे पाडे वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे, ते होळीला परत येतात. वजनं घेणाऱ्या काही बायाही जायच्या, कारण त्या मानधनात कोणी जगत नाही. हे ठाण्यात माहीत नव्हतं म्हणायला मी तयार नाही. सगळ्यांना माहीत होतं. कामावरून काढलं असं म्हटलं असतं तर आम्ही मोर्चा नेला असता. साफसफाईवर मोर्चा कसा न्यायचा?

भोयेंनी ठाण्याला फोन केला. मी समोर होते. "साहेब, बंद करू, पुसायला नको. बंद केलेलं परत चालू होतं. पुसलेलं येत नाय. प्रत्येक नावामागं सर्व्हरचा स्वतःचा एक आकडा असतो, तो त्या आकड्यावरून ओळखतो. पुसून तेच नाव परत घातलं तरी आकडा नवीन. त्याच्या लेखी ते माणूस नवीन." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. भोयेंनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बंद केलेल्या नावाचेही पैसे लागतात असं साहेबांना वाटतं."

"लागतात का?"

"नाय."

"मग सांगा ना!"

"सांगितलं की."

बाकीच्या बाया जवळपासच्या भट्ट्यांवर होत्या, एकेक येऊन आत शिरून गेल्या. राहिली मथीबाई, भिवंडीच्या पलीकडे. कचेरीतले सगळे म्हणाले, भोये, तुम्हीच एकदा शिरा तिच्या नावानं. तिचा पासवर्ड बदलायची सत्ता तुमच्याच हातात. कोणाला कळतंय? मीही म्हणाले. जोरात म्हणाले.

आणि मथीबाईनं स्वतःच निरोप धाडला. दाभोशाकडचा एक जीपवाला भट्टीवर माणसं सोडून आला होता. न्हाणीच्या दारात उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "भोयेभाऊ, मथीबाईनं पासवर्ड सांगितलाय. बोलली, भाऊंनाच उघडायला सांग. तर तो असा हाय..."

भोयेंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. खरोखर ठेवले, लहान पोरासारखे. "नको सांगू! बाहेर जा!"

"अरे, तिनंच सांगितलाय ना!"

"तुला सांगितला ना, आता तोही बदलायला लागंल. जा तू."

जीपवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "ह्यांना लागलंय काय?"

दुसऱ्या दिवशी भोये मोटारसायकलवरून भिवंडीकडे निघाले. भट्ट्यांवर वाटायची पत्रकं होती, म्हणून मी मागे बसले. भट्टीवर मथीबाई कोपरापर्यंत मातीत होती. शेठ खाटेवर. उचल घेतलेल्या बाईला सोडायला तयार नाही.

"कॉम्प्युटरसाठी?" शेठ हिंदीत हसला. "ये कॉम्प्युटर चलाती है? फिर ईंट कौन बनाएगा, मैं?"

भोयेंनी मोटारसायकलची किल्ली खाटेवर ठेवली. "दुपारपर्यंत. नाही आणली परत, तर गाडी तुमची."

मी पत्रकं पिशवीतच ठेवली. तिथे ती वाटली असती तर मथीबाई सुटली नसती.

जव्हारला जाऊन परत यायला दिवस गेला असता. ठाणं जवळ. भोये खुशीत होते. त्यांना तसं मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. बसमध्ये दोनदा म्हणाले, "तिकडचा सर्व्हर आपलाच हाय. तिकडनं शिरली तरी शिरलीच." मथीबाईनं हात धुतले होते, पण कोपराच्या वर माती तशीच. ठाण्याच्या कार्यालयात एका टेबलाशी तिला बसवलं. आधी भोयेंनी तिला नवीन पासवर्ड लावायला सांगितला. मग भिंतीकडे वळले. ती एकेक बोट उचलून टाकत राहिली. कारकून घड्याळ बघत राहिला. पडदा उघडला.

"घेतलं रं घेतलं!" ती एवढ्या मोठ्यानं बोलली की शेजारच्या खोलीतले बाहेर आले. "मला वळखलं भाऊ, इतं पण!"

आम्ही निघालो तेव्हा कारकून कीबोर्ड फडक्यानं पुसत होता. हे मी नंतर पत्रकात लिहिलं.

ठरलेल्या दिवशी साफसफाई भोयेंनीच केली, जव्हारच्या सर्व्हरवर. सर्व्हरला विचारायचं, तीन महिन्यांत कोण आलं नाही? तो सांगेल ती नावं पुसायची. भोये नावं वाचत नसत. म्हणायचे, नाव वाचलं की हात आखडतो, मग एकाला एक नियम आणि दुसऱ्याला दुसरा. नियम चालवला आणि पडद्यावर आकडा आला. त्यांच्या हिशेबापेक्षा एक जास्त.

मी गेले तेव्हा ते स्टुलावर बसून होते. दोन्ही हात मांड्यांवर. पंखा बंद.

"मथीबाई गेली," ते म्हणाले.

मला वाटलं, मेली.

मग त्यांनी समजावलं, प्रशिक्षणात समजावायचे तसं, त्याच आवाजात. दोन सर्व्हर एकमेकांना सगळं कळवतात. नाव, गट, पासवर्ड. एक गोष्ट कळवत नाहीत, माणूस शेवटचं कधी आलं ती. ती ज्याची त्याच्याकडे राहते. मथीबाई ठाण्याला शिरली, ते ठाण्याला माहीत. जव्हारच्या लेखी ती दिवाळीपासून आलेलीच नाही. भोयेंनी जव्हारला विचारलं. जव्हारनं त्याच्याजवळचं सांगितलं. इथे पुसलेलं रात्रीतून तिथेही पुसलं गेलं.

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"होतं की."

  बाहेर शिपाई कोणाशी तरी क्रिकेटवर भांडत होता, ते ऐकत बसलो.

उपाय होता. सर्व्हरवरचं सगळं रोज रात्री एका टेपेवर उतरवलं जायचं, ती आदल्या रात्रीची टेप त्याच न्हाणीत फळीवर होती. तिच्यावरून मथीबाई तिच्या जुन्या आकड्यासकट परत आली असती. त्यासाठी अर्धा दिवस कचेरीचं काम थांबवावं लागणार होतं. भोयेंनी ठाण्याची परवानगी मागितली.

"मागितली कशाला?" मी ओरडले. "रविवारी करून टाकायचं!"

"सर्व्हर माझा नाय, ताई."

"बाई तुमची होती ना?"

त्यावर त्यांनी माझ्या कपाळाकडे बघितलं नाही, खाली बघितलं.

ठाण्याहून उत्तर आलं, एका नावासाठी अख्खी कचेरी थांबवता येणार नाही. त्या बाईला नव्यानं अर्ज करू द्या. आणि नव्या नेमणुका त्या वर्षी बंद होत्या. टेपा फिरत्या असतात. काही आठवड्यांनी त्याच टेपेवर दुसरं काही चढलं.

मी पत्रक काढलं. 'ठाण्याच्या सज्जनांनी कातकरी बाई पुसली!' भोयेंना दाखवलं. त्यांनी पूर्ण वाचलं, शेवटच्या घोषणेपर्यंत.

"यात माझं नाव नाय."

"तुमचं घातलं तर ते सुटतील."

"पण पुसलं मी."

"हुकूम कोणाचा? टेप कोणी अडवली?"

"ते पण लिवा. माझं पण लिवा."

मी घातलं नाही. पत्रक जव्हारच्या एसटी स्टँडवर लागलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारी एक कागद चिकटला होता, भोयेंच्या अक्षरात. 'मथीबाईचे नाव माझ्या चुकीने पुसले गेले. रघुनाथ भोये.' ठाण्याच्या लोकांनी त्या कागदाच्या झेरॉक्सा काढून वाटल्या. माझं पत्रक चारआठ लोकांनी वाचलं असेल. त्यांचा कागद सगळ्यांनी वाचला. कार्यवाहांनी बैठकीत भोयेंच्या प्रामाणिकपणाचा गौरव केला. टाळ्या वाजल्या. भोये तिथे बसले होते. मी त्याच महिन्यात नोकरी सोडली.

होळीला मथीबाई परतली. भोये सांगायला गेले, मी बरोबर होते. ती अंगणात मडकी उतरवत होती. त्यांनी सगळं सांगितलं, दोन सर्व्हर वगैरे. तिनं ऐकून घेतलं.

"तं मी आता नाय?"

"नाय."

"आनि पोरांना कोण जोखंल, पावसात?"

भोये म्हणाले, "माहीत नाय." ती मडकी उतरवत राहिली.

कोणी जोखलं नाही. दुसऱ्या पाड्यावरच्या बाईला तो पाडा जोडून दिला होता, मधे ओहोळ. पावसात ओहोळ ओलांडता येत नाही. आषाढात त्या पाड्यातलं एक पोर गेलं. वजन झालं असतं तर वाचलं असतं, असं मी पत्रकाच्या मसुद्यात लिहिलं. बाजारात भोये भेटले. मसुदा वाचून म्हणाले, "वाचलं असतं, हे तुमाला माहीत हाय?"

"नाही. तुम्हाला माहीत आहे, की नसतं वाचलं?"

"नाय." कागद परत देताना त्यांनी तो नीट घडी घालून दिला. ते पत्रक मी काढलं. अजूनही काढेन. पण त्यांच्याशी भांडायला जे लागतं ते माझ्यात तेव्हा शिल्लक नव्हतं.

शेवटचं पाहिलं ते पुढच्या दिवाळीनंतर, पोशेऱ्याच्या फाट्यावर. भट्टीवाल्याचा टेम्पो उभा होता. मडकी, गोधड्या, टोपलीत दोन कोंबड्या, पोरं. भोये सुट्टी टाकून आले होते, वरचं बटण लावलेलं, आणि टेम्पोच्या फळीवर चढून मथीबाईचं बोचकं दोरीनं बांधत होते. गाठ मारायचे, ओढून बघायचे, सोडून परत मारायचे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मथीबाईचा नवरा म्हणाला, "बस झालं की."

मथीबाई वर चढली, पोराला मांडीवर घेतलं आणि भोयेंना म्हणाली, रागानं नाही, घरच्या माणसाला सांगावं तसं, "भाऊ, यंदा धावत येऊ नका हां. आता काय गरज नाय."

भोयेंनी मान हलवली आणि खाली उतरले. टेम्पो गेला. मी रस्त्याच्या या बाजूला होते. त्यांनी मला पाहिलं की नाही ते माहीत नाही. चप्पल काढली, आत गेलेला खडा झटकला, परत घातली आणि मोखाड्याच्या दिशेनं चालू लागले. जीप येतेय का बघायला ते थांबले नाहीत.